कोर्टात दाखवलेलं चित्र केव्हा टिकतं?

लॅपटॉप, टॅब आणि प्रोजेक्टर आल्यापासून अनेकांना वाटतं की कोर्टात चित्रं आता कुठे शिरू लागली आहेत. आपल्या दिवाणी कोर्टांत ती पहिल्यापासून आहेत. वाटपाचा कुठलाही दावा उघडून बघा, सुरुवातीच्या पानांत वंशावळ काढलेली सापडेल. मूळ पुरुष वर, खाली तीन मुलगे, त्यातला एक निपुत्रिक वारलेला, शिवाय दोन मुली, ज्यांची नावं फेरफाराला कधी लागलीच नाहीत. पाच पानं मजकूर वाचून जे नातं डोक्यात बसत नाही, ते या दहा रेघांत दिसतं. वहिवाटीच्या रस्त्याचा दावा असेल तर सोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा असतोच.

कायद्यालाही हे मान्य होतं. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात दस्तऐवज कशाला म्हणायचं हे सांगताना दिलेल्या उदाहरणांत नकाशा होता, दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर कोरलेला लेख होता आणि व्यंगचित्रही होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याने ही उदाहरणं कायम ठेवली आणि त्यांत ईमेल, सर्व्हरवरच्या नोंदी, स्मार्टफोनमधले मेसेज, वेबसाइट, लोकेशनची माहिती आणि व्हॉइस मेल यांची भर घातली.

बदल झालाय तो चित्र काढायला लागणाऱ्या वेळेत आणि खर्चात. तालुक्याच्या कोर्टातला ज्युनिअर वकीलसुद्धा आज एका संध्याकाळी नकाशा, तारखांचा तक्ता, पैशांच्या प्रवासाची आकृती तयार करू शकतो. ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र यातली बरीच मेहनत रंगांवर आणि सरकत्या स्लाइडवर खर्च होते. न्यायाधीशांना त्या चित्राचा उपयोग होतो तो निकालपत्र लिहायला बसल्यावर. तेव्हा स्क्रीन बंद असते, वकील घरी गेलेले असतात आणि समोर फक्त फाइल असते. त्या फाइलमधलं नेमकं पान त्यांना सापडावं एवढ्यासाठी चित्र असतं. म्हणून चित्रातल्या प्रत्येक रेघेमागे निशाणी क्रमांक लागतो. निशाणी म्हणजे पुराव्यात दाखल झालेल्या कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक. ज्या रेघेला निशाणी नाही, ती रेघ म्हणजे वकिलाचं म्हणणं, आणि वकिलाचं म्हणणं हा पुरावा नसतो.

पुरावा असलेलं चित्र आणि पुरावा समजावणारं चित्र

कोर्टात येणाऱ्या चित्रांच्या दोन जाती आहेत आणि बहुतेक घोटाळे त्यांची सरमिसळ झाल्याने होतात.

पहिली जात स्वतःच पुरावा असते. सीसीटीव्हीचं चित्रण, अपघाताच्या जागेचा फोटो, मोबाइलमधला व्हिडिओ, मोजणीचा नकाशा या जातीत येतात. यांना सिद्ध करावं लागतं. कोणी काढलं, कशाने काढलं, मध्ये कोणाच्या ताब्यात होतं, या प्रश्नांना साक्षीदाराने उत्तरं द्यावी लागतात. २६/११ च्या खटल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसूझा यांनी टिपलेली छायाचित्रं सगळ्या जगाने पाहिली होती. तरीही ते स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी साक्ष दिली. छायाचित्र कितीही प्रसिद्ध असलं तरी कोर्टाला त्याच्यामागचा माणूस लागतो.

दुसरी जात पुरावा समजावते. तारखांचा तक्ता, वंशावळ, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात पैसे गेले याची बाणांची आकृती, ही त्यातली. यांतली माहिती आधीच कुठल्यातरी निशाणीत असते, चित्र ती फक्त एकत्र मांडतं. युक्तिवादाच्या वेळी तोंडाने सांगायचं ते कागदावर काढलं, इतकंच त्याचं वजन. ते बरोबर असलं तर न्यायाधीशांचा तास वाचतो. चुकीचं निघालं तर मूळ कागद तसाच राहतो, वकिलाची पत मात्र जाते.

एकाच चित्रात दोन्ही जाती मिसळल्या की काय होतं, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तोरी सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश या निकालात देऊन ठेवलं आहे. तपास अधिकाऱ्याने घटनास्थळाचा नकाशा काढला होता. भिंत, झाड, रक्ताचे डाग अशा खुणा त्याने स्वतः पाहून केल्या असतील तर त्या चालतात. पण 'गोळी लागली तेव्हा मयत इथे उभा होता' ही फुली त्याने साक्षीदारांच्या सांगण्यावरून मारलेली असते. ती फुली म्हणजे पोलिसांसमोर दिलेला जबाबच, फक्त चित्राच्या रूपात. आणि पोलिसांसमोरचा जबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही. पूर्वी हे बंधन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये आहे.

साठ वर्षांहून जुना हा निकाल मला आजच्या थ्री-डी आकृतीला जसाच्या तसा लागू वाटतो. संगणकावर चौक उभा केला, त्यात ट्रक आणि मोटारसायकल ठेवली, तर त्यातलं काय मोजून घेतलंय, काय कोणी सांगितलंय आणि काय आकृती काढणाऱ्याने मनाने भरलंय, हे वेगवेगळं दिसायला हवं. मोजलेल्या गोष्टी सलग रेघेने, सांगितलेल्या तुटक रेघेने, आणि तुटक रेघेशेजारी साक्षीदाराचा क्रमांक, एवढं केलं तरी उलटतपासणीत निम्मं रक्षण होतं. मनाने भरलेलं काढूनच टाकावं.

जालन्याची सीडी

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल देशातली प्रत्येक कोर्टरूम आज ज्या निकालाचं नाव घेते तो आपल्या जालन्याचा आहे. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल, निकाल १४ जुलै २०२०.

गोष्ट २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतली. जालना मतदारसंघात खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार गोरंट्याल आणि एक मतदार यांनी निवडणूक याचिका केल्या. आक्षेप असा की अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनला संपत होती आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर दिले गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आत-बाहेर व्हिडिओ कॅमेरे चालू होते. म्हणजे खरं-खोटं ठरवणारा पुरावा सरकारच्याच ताब्यात होता.

उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर चित्रणाच्या सीडी आल्या. पण तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे अशा प्रतीसोबत एक प्रमाणपत्र लागायचं. हे चित्रण अमुक यंत्रातून निघालं, ते यंत्र तेव्हा नीट चालू होतं, अशा आशयाचं. पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने मग निवडणूक अधिकाऱ्यांच्या तोंडी साक्षीवरून कलमाची पुरेशी पूर्तता झाली असं धरलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न उभा राहिला तो सगळ्या देशासाठी. २०१४ च्या अन्वर विरुद्ध बशीर या निकालाने प्रमाणपत्र सक्तीचं केलं होतं. २०१८ च्या शफी मोहम्मद प्रकरणात न्यायालय सैल झालं, ज्याच्या ताब्यात यंत्रच नाही त्याला प्रमाणपत्राची सक्ती नको असं म्हणालं. खालच्या कोर्टांत कोणी हा निकाल वाचून दाखवी, कोणी तो. जालन्याच्या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने गुंता सोडवला. प्रतीसाठी प्रमाणपत्र लागतंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ यंत्रच, म्हणजे तो फोन किंवा लॅपटॉप, मालकाने साक्षीला येताना आणून सिद्ध केला तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि दुसऱ्याच्या ताब्यातल्या यंत्राचं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी तुम्ही लेखी मागणी केली, कोर्टाकडे अर्ज केला, हाती असलेलं सगळं केलं आणि तरी समोरच्याने ते दिलं नाही, तर कायदा तुम्हाला अशक्य गोष्ट करायला लावणार नाही. या प्रकरणात याचिकाकर्त्यांनी सगळे प्रयत्न केले होते, शिवाय इतर पुरावाही होता, म्हणून अपील फेटाळलं गेलं.

पक्षकाराने यातून लगेच करण्यासारखं एक काम आहे. दुकानाचा, सोसायटीचा, बँकेचा कॅमेरा तुमच्या कामाचा असेल तर त्यांच्याकडे चित्रण आणि प्रमाणपत्र दोन्ही लेखी मागा आणि पोच ठेवा. पुढे कोर्टाला सांगायची वेळ आली तर तुमच्या प्रयत्नांचा पुरावा म्हणून ती पोचच पुढे येते.

आता प्रमाणपत्रात काय लिहायचं

नव्या साक्ष्य अधिनियमात हे कलम ६३ झालं आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. भाग 'अ' चित्रण हजर करणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. यंत्राचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग, सिरीअल नंबर, फोन असेल तर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), हे सगळं त्यात येतं. आणि हॅश व्हॅल्यू येते, जिच्यावर नवखे वकील अडखळतात.

हॅश म्हणजे फाइलवर एक ठरलेली गणिती प्रक्रिया केल्यावर निघणारी अक्षर-अंकांची ओळ. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. फाइल दोन मिनिटांची असो वा दोन तासांची, ओळ तेवढीच. फाइलच्या आत एक अक्षर किंवा एक ठिपका बदलला तरी पुन्हा काढलेली ओळ ओळखू न येण्याइतकी वेगळी निघते. मुद्देमालाच्या पुडक्यावर पंचांसमोर लावलेलं लाखेचं सील जे काम करतं तेच काम ही ओळ करते. सील शाबूत असेल तर आतला माल तोच आहे. अर्थात सील लावण्याआधी पुडक्यात काय भरलं होतं, ते सील सांगत नाही. आधीच कापलेला किंवा एआयने बनवलेला व्हिडिओ असला तर त्याचीही हॅश तितकीच स्वच्छ निघते. ती फक्त एवढंच सांगते की नोंद केल्यापासून फाइल बदललेली नाही. तिच्या खरेपणासाठी चित्रण करणाऱ्याची साक्ष आणि गरज पडल्यास न्यायवैद्यक प्रयोगशाळेची तपासणी लागतेच.

फाइलचं नाव बदलल्याने हॅश बदलत नाही. पण व्हिडिओ एखाद्या ॲपमध्ये उघडून थोडा छाटला, उजळ केला आणि पुन्हा सेव्ह केला की बदलते. म्हणून मूळ फाइलला हात लावू नये. आधी हॅश काढून ठेवावी, मग प्रत काढावी, आणि काय दाखवायचं ते प्रतीवर दाखवावं. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान केला जातो आणि त्याच्या आत नोंदलेली वेळ-ठिकाणाची माहिती गळून पडते. पक्षकाराकडून मागवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावा आणि मूळ फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, असं त्याला बजावून ठेवावं. गावाकडे जुना फोन धाकट्या भावाला देऊन टाकायची पद्धत आहे. पुरावा असा हातोहात निघून जातो.

सीसीटीव्हीचं आणखी एक दुखणं म्हणजे वेळ. डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र. त्याचं घड्याळ अनेकदा दहा-वीस मिनिटं पुढे-मागे असतं, कधी तर तारीखच चुकीची असते. चित्रणावर ९:४० दिसतंय आणि फिर्यादीत दहा वाजल्याचं लिहिलंय, एवढ्या फरकावर बचाव पक्ष तासभर उलटतपासणी घेऊ शकतो. डीव्हीआर ताब्यात घेताना पंचनाम्यात एक ओळ टाकली की हा रस्ता बंद होतो: 'पंचनाम्याच्या वेळी मोबाइलवर ११:२५ वाजले होते, डीव्हीआरच्या पडद्यावर ११:०६ दिसत होते.' शिवाय डीव्हीआरची जागा भरली की तो जुन्या चित्रणावर नवं लिहीत जातो. महिन्याभराने गेलात तर बहुधा काही उरलेलं नसतं. पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी प्रकरणात चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष तरी जपण्याचा आदेश दिलेला आहे. ठाण्यात काही घडल्याची तक्रार असेल तर हा आदेश दाखवून चित्रण मागता येतं.

पोलिसांवरही आता बंधन आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं आणि ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. बचाव पक्षाच्या वकिलाने दोषारोपपत्र हातात आल्यावर सगळ्यात आधी हे चित्रण मागावं. पंचनाम्यात लिहिलेले दोन पंच त्यात दिसतात का, वस्तू खरंच त्याच जागेवरून निघाली का, हे आता डोळ्यांनी पाहता येतं.

एका पानाचा तक्ता

समजावणाऱ्या चित्रांमध्ये सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं चित्र कोणतं, असं विचाराल तर मी तारखांचा तक्ता म्हणेन. चेक न वटल्याचं प्रकरण घ्या. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या) कलम १३८ चा सगळा खेळ दिवस मोजण्याचा आहे. समजा चेक १ जुलै २०२५ चा. १० जुलैला बँकेत टाकला, १४ जुलैला परतीचा मेमो हातात आला. तिथून तीस दिवसांत, म्हणजे १३ ऑगस्टपर्यंत नोटीस जायला हवी. ती ४ ऑगस्टला रजिस्टर पोस्टाने गेली, ७ ऑगस्टला आरोपीला मिळाली. मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे देण्याची मुभा, ती २२ ऑगस्टला संपली. २३ ऑगस्टला तक्रारीचं कारण घडलं आणि तो दिवस वगळून एक महिना, म्हणजे २३ सप्टेंबरपर्यंत तक्रार दाखल व्हायला हवी.

हे वाक्यांत वाचताना बोटांवर मोजावं लागलं ना? आता हेच पाच उभ्या रकान्यांत मांडा: घटना, तारीख, कायद्याची मुदत, मुदतीचा शेवटचा दिवस, निशाणी. चेक निशाणी २०, मेमो २१, नोटीस २२, पोस्टाची पावती २३, पोच २४. न्यायाधीश नजर खालून वर फिरवतात आणि मुदतीचा मुद्दा संपतो. आरोपीच्या वकिलालाही याच तक्त्यात एखादी फट सापडते. चांगला तक्ता दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो, आणि त्याच्यावर विश्वास बसतो तो त्यामुळेच.

हा तक्ता काळ्या-पांढऱ्यात वाचता आला पाहिजे. आपल्याकडे नक्कल विभागातून मिळणारी प्रत बहुधा झेरॉक्स असते. अपिलात तीच वरच्या कोर्टापुढे जाते. तुम्ही लाल रंगात 'मुदतीबाहेर' आणि हिरव्यात 'मुदतीत' दाखवलं असेल तर झेरॉक्समध्ये दोन्ही सारखेच करडे दिसतात. रंगाऐवजी सलग रेघ, तुटक रेघ, भरीव ठिपका, पोकळ ठिपका वापरावेत. मराठी अक्षरं बारा पॉइंटपेक्षा लहान ठेवू नयेत, वेलांट्या-मात्रा झेरॉक्समध्ये पुसट होतात.

हिशेबाच्या खटल्यात काम मोठं होतं. पतसंस्थेतल्या अपहाराच्या प्रकरणात हजारो नोंदी असतात. प्रत्येक व्हाउचर साक्षीदाराला दाखवायचं म्हटलं तर खटला संपणार नाही. कायद्याने याची सोय दीडशे वर्षांपूर्वीच केलेली आहे आणि ती फार कमी वापरली जाते. जुन्या कायद्याचं कलम ६५(जी), आता साक्ष्य अधिनियमाचं ६०(जी). हिशेब किंवा कागद इतके जास्त असतील की ते कोर्टात तपासणं सोयीचं नाही, आणि सिद्ध करायचा आहे तो त्या सगळ्यांचा एकत्रित निष्कर्ष, तर ते कागद तपासलेल्या जाणकार माणसाला त्या निष्कर्षाची साक्ष देता येते. सनदी लेखापालाने केलेला तक्ता आणि पैशांच्या प्रवासाची आकृती यातून पुराव्यात येऊ शकते. मात्र तक्ता करणारा माणूस पिंजऱ्यात उभा राहायला तयार हवा, आणि मूळ कागद समोरच्या वकिलाला तपासायला खुले हवेत. आकृतीतला एक बाण जरी त्याला नोंदीपर्यंत नेता आला नाही, तरी उरलेल्या सगळ्या बाणांवर शंका बसते.

बांधाचा वाद आणि उपग्रहाचं चित्र

ग्रामीण महाराष्ट्रातल्या वकिलाच्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे शेजाऱ्याने बांध कोरला. हल्ली पक्षकार फोनवर गुगल अर्थ उघडूनच येतो. 'साहेब, दहा वर्षांपूर्वीचं चित्र बघा, बांध इथे होता.' गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं पाहता येतात हे खरं आहे आणि ती कामाचीही आहेत. पण वाद असतो चार-पाच फुटांचा. उपग्रहाचं चित्र जमिनीवर बसवताना काही मीटरचा सरक येऊ शकतो. ज्या साधनाची चूकच वादाच्या पट्ट्यापेक्षा मोठी, त्याने तो पट्टा मोजता येत नाही.

मग त्याचा उपयोग कुठे? विहीर अमुक वर्षी होती की नव्हती. वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकण्याआधी शेतातून पांढरी रेघ जात होती का. घर २०१६ आधीचं की नंतरचं. 'होतं की नव्हतं' एवढ्याच प्रश्नाला ते चित्र नीट उत्तर देतं. 'किती होतं' याला भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणी लागते, तिच्या नकाशाची 'क' प्रत लागते आणि ती सिद्ध करायला मोजणी करणारा भूकरमापक साक्षीला लागतो. गरज पडली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून घ्यावा. त्याचा अहवाल आणि नकाशा पुरावा म्हणून वाचला जातो आणि त्याला पिंजऱ्यात बोलावून प्रश्नही विचारता येतात.

अनेकजण स्वामित्व योजनेतला ड्रोनचा नकाशा शेतीच्या वादात आणतात. ती योजना गावठाणातल्या घरांसाठी आहे, शेताच्या बांधाला तिचा उपयोग नाही.

या वादात दाखवायचं खरं उपयोगी चित्र म्हणजे मोजणीच्या नकाशावरच काढलेली एक आकृती. दोन गटांची सलग रेघेची हद्द, आजच्या ताब्याची तुटक रेघ, मधला पट्टा आडव्या रेघांनी भरलेला, त्यात त्याचं क्षेत्रफळ आणि बाजूला उत्तर दिशेचा बाण. दिशेचा बाण नसलेले नकाशे इतके येतात की साक्षीदार 'पूर्वेला' म्हणतो आणि तिघेजण तीन बाजूंना बघतात.

हलती चित्रं

अमेरिकेत अपघात किंवा शस्त्रक्रिया ॲनिमेशनने दाखवण्याचा मोठा व्यवसाय आहे. तिथे ज्यूरीसमोर, म्हणजे कायद्याचं शिक्षण नसलेल्या नागरिकांसमोर खटला चालतो, आणि हलतं चित्र त्यांच्या मनावर घट्ट बसतं. नुसतं समजावणारं साधन आणि पुरावा यांतला फरक स्पष्ट राहावा म्हणून तिथल्या संघीय पुरावा नियमांत डिसेंबर २०२४ पासून १०७ क्रमांकाचा वेगळा नियम आला आहे. आपल्याकडे ज्यूरी राहिलेली नाही. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना आठ विरुद्ध एक मताने निर्दोष म्हणणारी ज्यूरी होती. तो निर्णय उच्च न्यायालयात टिकला नाही आणि पुढे ती पद्धतच गेली. आपलं चित्र बघणारा माणूस रोज पन्नास-साठ प्रकरणांचा बोर्ड चालवतो आणि प्रत्येक निष्कर्षाला लेखी कारण देतो. त्याच्यापुढे संगीत आणि सावकाश पडणारी मोटारसायकल ठेवली तर तो विचारणार, वेग ताशी साठ कुठून घेतला? उत्तर आरटीओच्या अहवालात किंवा ब्रेकच्या खुणांच्या मोजमापात नसेल तर ते ॲनिमेशन आपल्याच पक्षकाराला गोत्यात आणतं. न हलणारी, मोजमापं लिहिलेली तीन चित्रं मला केव्हाही जास्त भरवशाची वाटतात.

पडद्यावरच्या साक्षीचा प्रश्न आपल्याकडे फार आधी सुटला आहे, तोही मुंबईच्या खटल्यात. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात न्यूयॉर्कमधले एक डॉक्टर साक्ष द्यायला तयार होते, पण भारतात यायला नव्हते. आरोपीच्या हजेरीत पुरावा नोंदवायचा म्हणजे साक्षीदार त्याच खोलीत हवा का? एप्रिल २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पडद्यावर दिसणं-ऐकणं म्हणजे हजेरीच. आज हे रोजचं झालं आहे. पडद्यावरच्या साक्षीदाराला दाखवायचे कागद मात्र आधीच क्रमांक टाकून त्याच्याकडे पोचलेले हवेत, नाहीतर 'कोणतं पान?' यातच वेळ जातो.

२७ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांचं कामकाज थेट दिसू लागलं, तेव्हा मराठी घराघरांत शिवसेनेच्या वादाची सुनावणी पाहिली गेली. त्याच वादाच्या सुनावणीत २१ फेब्रुवारी २०२३ पासून एआयच्या मदतीने बोललेल्या शब्दांची लेखी नोंद करण्याचा प्रयोग सर्वोच्च न्यायालयाने सुरू केला. एआय टिपण काढायला, लांब निकालातले परिच्छेद शोधायला मदत करतं. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हियांका प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. तक्त्यात एआयने भरलेली प्रत्येक तारीख मूळ कागदावरून स्वतः पडताळल्याशिवाय कोर्टाच्या दारात नेऊ नये. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर पीडितेचं नाव, चेहरा, शाळा, घराचा पत्ता स्लाइडवर येताच कामा नये, आणि अशी फाइल बाहेरच्या कुठल्याही ॲपमध्ये चढवू नये.

समोरच्याने चित्र दाखवलं तर

स्क्रीनवर काही दाखवायचं असेल तर आदल्या तारखेला अर्ज द्यावा, प्रत समोरच्या वकिलाला द्यावी आणि परवानगी रोजनाम्यात नोंदवून घ्यावी. स्क्रीनवर दाखवलेलंच कागदावर छापून लेखी युक्तिवादाला जोडावं.

आणि चित्र समोरच्या बाजूने आलं असेल तर पहिल्या मिनिटाला विचारावं, हे पुरावा म्हणून दाखल करताय की युक्तिवादापुरतं? पुरावा म्हणून असेल तर प्रमाणपत्र कुठे आहे, हॅश जुळते का, चित्रण करणारा साक्षीला येणार का, हे त्याच वेळी विचारून हरकत नोंदवावी. युक्तिवादापुरतं असेल तर त्यातल्या ज्या रेघेला निशाणी नाही ती रेघ दाखवून द्यावी. 'पुढे बघू' म्हणून गप्प बसू नये. सोनू विरुद्ध हरियाणा राज्य या २०१७ च्या प्रकरणात कॉल डिटेल्सना प्रमाणपत्र नव्हतं, पण खटल्यात कोणी हरकत घेतली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची अशी हरकत अपिलात पहिल्यांदा घेता येत नाही, कारण वेळीच घेतली असती तर समोरच्याला ती त्रुटी दूर करता आली असती. त्यामुळे कागदावर निशाणी पडत असताना वकिलाने खुर्चीत बसून राहू नये. उभं राहून हरकत सांगावी, आणि ती रोजनाम्यात आली की नाही हे त्याच संध्याकाळी बघून घ्यावं.